टेबलाखाली बसा म्हणता, पण टेबल आहे कुठं?

भूकंपाचं पोस्टर सगळ्या शाळांत एकच. पोरगं टेबलाखाली, हात डोक्यावर. आपल्या जिल्हा परिषद शाळांत लहान वर्गांची पोरं बऱ्याच ठिकाणी अजून पट्टीवर बसतात. वर्गात टेबल एकच, तेही गुरुजींचं. तरी कवायत पोस्टरबरहुकूम होते, फोटो निघतो, अहवाल जातो.

"विदर्भात कुठं भूकंप येतो?" असं म्हणणाऱ्यांसाठी: १९९३ साली भूकंप झाला तेव्हा लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आणि ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणात मुलुगूकडे ५.३ चा धक्का बसला, तो गडचिरोली-चंद्रपुरापासून नागपूरपर्यंत जाणवला.

माझं मत असं की काय करायचं हे भिंत आणि छप्पर पाहून ठरवावं, तेही खोलीनिहाय. एकाच आवारात कवेलूची जुनी खोली आणि कॉलम-बीमची नवी खोली असते, दोघींना एकच नियम कसा चालेल?

स्लॅबच्या खोलीत पळायचं नाही. खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीकडे सरकून गुडघ्यांवर वाकायचं, दप्तर डोक्यावर आणि मानेवर धरायचं, हलणं थांबेपर्यंत तसंच राहायचं. पळणारी पोरं दारात चेंगरतात, नाहीतर नेमकी छज्जाखाली सापडतात. मातीत रचलेल्या दगडांची किंवा मातीची भिंत, वर कवेलू नाहीतर धाबं, तिथं हिशोब उलटा. किल्लारीत अशाच भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि मातीचं जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. अशा खोलीतून मैदान चार पावलांवर असेल तर दाराजवळच्यांनी लगेच बाहेर पडावं, आतल्यांनी डोकं झाकावं. खरं तर अशा खोलीत वर्ग भरवूच नये, पण ते शाळा समितीच्या हातात कितपत असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

विटांच्या भिंतीवर थेट स्लॅब असेल तर इंजिनिअरला एकच विचारा: लिंटेलचा, म्हणजे दार-खिडकीच्या वरचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरलाय, की फक्त दार-खिडकीपुरता तुकडा आहे? सलग पट्टा भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. तुकडा फक्त वरच्या विटा तोलतो.

आता भेगा. "काळ्या मातीत भेगा पडतातच" म्हणून आपण दरवर्षी पुट्टी भरून रंग मारतो. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आवळते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, हे खरंच. पण कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील तर त्या एकेकट्या उभ्या आहेत, धक्क्याला तेवढंच पुरतं. रंगाआधी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण आणि तारीख घाला, मधे प्लास्टरची पातळ टिकली लावा. मे आणि सप्टेंबरमध्ये बघा. टिकली तडकली तर भेग चालू आहे, इंजिनिअरला लेखी कळवा. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आरपार दिसत असेल तर ती खोली आजच रिकामी करा.

टिनावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढा, जे-हूक आणि वायसर लावा. लोखंडी कपाट अँगलनं भिंतीला जखडा, जाड रजिस्टरं खालच्या खणात ठेवा. खिचडीच्या शेडमधला गॅसचा रेग्युलेटर बंद करणं स्वयंपाकीणताईंचंच काम, ते कवायतीतही करून घ्या. इशारा हातघंटेचा ठेवा, कारण विजेची घंटा ऐनवेळी दगा देते.

जमायची जागा आवारभिंतीलगत नको, गेटच्या कमानीखाली तर नकोच. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधल्या भूकंपात अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली पोरं अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींखाली सापडली. आपली प्रभातफेरीही त्याच तारखेला गल्लीबोळातून जाते. तिचा रस्ता रुंद निवडायला खर्च शून्य.

घरचं एकच सांगतो. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, सोयाबीनचे कट्टे खाटेच्या उशाशी छातीपर्यंत रचले जातात. किल्लारीचा धक्का पहाटे चारच्या सुमाराचा होता. कट्टे कमरेच्या वर रचू नका, आणि खाटेपासून दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा.