इंडेक्स सेट की एनएसनंबरचा अ‍ॅरे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सडेतोड लिहिलंत, ते आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत यादीतल्या निवडलेल्या ओळींचे क्रमांक (इंडेक्स) ठेवायला आणि त्या ओळी काढायला एनएसनंबरचा (आकडा धरणाऱ्या वस्तूंचा) साधा अ‍ॅरे आणि शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारा उलटा लूप एवढ्यात काम भागत असताना एनएसम्युटेबलइंडेक्ससेटचं (असे क्रमांक चढत्या क्रमाने, एकेकदाच साठवणाऱ्या, बदलता येणाऱ्या संचाचं) एवढं कौतुक कशाला? शिवाय तुम्ही तो वापरायला घेतलात, तर अ‍ॅडइंडेक्सने पहिलाच क्रमांक घालताना अ‍ॅप क्रॅश झालं.

आधी उलटा लूप. समजा, क ख ग घ च छ ज असा अ‍ॅरे आहे आणि 2, 3, 5 या इंडेक्सवरचे ग, घ, छ काढायचे आहेत. सरळ लूप लावला तर ग जातो, मागचे सगळे एकेक घर पुढे येतात, 3 वर आता च बसलेला असतो आणि बिचारा तोच उडतो. 5 ची पाळी येईपर्यंत पाचच घटक उरलेले असतात, म्हणजे एनएसरेंजएक्सेप्शन (नसलेल्या इंडेक्सवर हात घातल्याची एरर). उलटा लूप यातून वाचवतो हे खरं, पण आकडे चढत्या क्रमाने असतील तरच. वापरणाऱ्याने ओळी 5, 2, 3 अशा निवडल्या, की तुमचा लूप 3, 2, 5 असा धावणार आणि पुन्हा तेच एक्सेप्शन. मग सॉर्ट करणं आलं, दोनदा शिरलेला आकडा गाळणं आलं. हे सगळं तुम्ही नीट लिहालच, शंका नाही. पण लिहून झाल्यावर जे हाती येईल, तो घरगुती इंडेक्स सेटच असेल. मला रिमूव्हऑब्जेक्ट्सअ‍ॅटइंडेक्सेस ही एक ओळ पुरते.

खरी गंमत मात्र यादी मधूनच बदलते तेव्हा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. निवड 2 आणि 5 वर आहे आणि 3 वर नवी ओळ आली. आता निवड 2 आणि 6 वर हवी. इंडेक्स सरकवणाऱ्या शिफ्टइंडेक्सेसस्टार्टिंगअ‍ॅटइंडेक्स या मेथडला सुरुवात म्हणून 3 आणि बाय ला (किती सरकवायचं) 1 दिलं की झालं. त्याऐवजी 3 वरची ओळ काढली असेल, तर सुरुवात 4 पासून आणि सरक उणे 1. इथे भलेभले 3 देतात. ऋण सरक असली की ही मेथड सुरुवातीच्या लगेच आधीचे तेवढे इंडेक्स सेटमधून पुसते. म्हणजे 3 दिलं, की 2 वरची निवड गुपचूप गायब आणि हातात फक्त 4. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. असले बग शोधताना जीव जातो.

वेगावरून तुमच्याशी भांडणार नाही. हा सेट आत सलग रेंज साठवतो. 0 ते 9,999 सलग असतील तर एकच रेंज, पण एकाआड एक आकडे घातलेत की तो फायदा गेला. निवडीचा क्रम जपायचा असेल किंवा आकडे म्हणजे जागा नसून निव्वळ डेटा असेल, तर तुमचा अ‍ॅरेच बरोबर. वाटेल ते पूर्णांक यात कोंबू नका, असं अ‍ॅपलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही आहे.

‘ऑब्जेक्टिव्ह-सी आता लिहितं कोण’ हा टोमणा सोडून देतो. स्विफ्टयूआयच्या (अ‍ॅपलच्या स्विफ्ट भाषेत स्क्रीन बांधायच्या चौकटीच्या) ऑनडिलीटमध्येही, म्हणजे ओळ काढताना, हातात इंडेक्ससेटच पडतो.

राहिला तुमचा क्रॅश. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये प्रॉपर्टी एनएसम्युटेबलइंडेक्ससेटची आहे, पण अ‍ॅट्रिब्यूट (मूल्य कसं ठेवायचं ते सांगणारा शब्द) कॉपी आहे. सेटर (प्रॉपर्टीत मूल्य ठेवणारी मेथड) कॉपी मेसेज पाठवतो आणि म्युटेबल (बदलता येणाऱ्या) वस्तूची कॉपी इम्युटेबल (न बदलणारी) निघते. त्यामुळे घोषणेत म्युटेबल लिहिलेलं असलं तरी आत साधा एनएसइंडेक्ससेट बसलेला असतो. त्याला अ‍ॅडइंडेक्स माहीतच नाही, म्हणून अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर (माहीत नसलेली मेथड मागितल्याची एरर). एनएसम्युटेबलअ‍ॅरेची प्रॉपर्टी कॉपी ठेवलीत तरी अ‍ॅडऑब्जेक्टला हेच होईल. कॉपीच्या जागी स्ट्राँग करा, म्हणजे कॉपी न होता तीच वस्तू धरून ठेवली जाईल. किंवा, मी करतो तसं, बाहेर इम्युटेबल प्रॉपर्टी कॉपीने द्या आणि बदल करायचा तेव्हा म्युटेबलकॉपी घेऊन, बदलून परत ठेवा.