पेट्रोल वाचवायचंय? चाला की!

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 2021 मध्ये पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा आपण दोन दिवस मीम फिरवले आणि तिसऱ्या दिवशी टाकी फुल केली. तेव्हा देशासाठी, आणि झालंच तर खिशासाठी, एका पुणेकराकडून काही अनुभवाचे सल्ले.

सायकल घ्या. 2017 सालीच शहराचा सायकल आराखडा मंजूर झालाय, तेव्हा रस्त्याची चिंता नको. ट्रॅक सापडलाच तर त्यावरच्या गाडीवर भेळ चांगली मिळते.

बसनं जा. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, 2006 मध्ये आपल्याच स्वारगेट-कात्रज रस्त्यावर सुरू झाली. स्टॉपवर जाताना कादंबरी न्या. जाडी बघून.

ई-स्कूटर घ्या. चार्जिंगसाठी सोसायटीच्या सभेत परवानगी मागा. आग लागेल, मीटरवर लोड येईल, बिल कोण भरणार, सगळं ऐकून घ्या. मग पेट्रोलची घ्या.

सिग्नलला इंजिन बंद करा. मागचे तुमच्या मातोश्रींची आठवण काढतील, ती कौतुकानं असं समजा.

आणि सर्वांत उत्तम म्हणजे चाला. परवा मी दूध आणायला चालत निघालो. फुटपाथवरून, हो, फुटपाथवरूनच! केबलवाल्यांचा खड्डा, मग विजेचा डीपी, मग हॉटेलच्या वेटिंगच्या खुर्च्या, मग कुण्या कार्यसम्राटांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, एवढं सगळं ओलांडलं आणि मागून हॉर्न. वळून बघतो तर स्कूटर. फुटपाथवर! "काका, जरा साइडला व्हा ना." साइडला कुठं? एकीकडे उघडं चेंबर, दुसरीकडे रस्ता, जिथं खरं तर या महाशयांनी असायला हवं होतं. मी हललो नाही. तर मागं बसलेला म्हणतो, "चालायचंच असेल तर बागेत जा की!" बागेत! म्हणजे पाय फक्त वजन उतरवायला, कुठं पोचायला नाहीत. आणि मी डेअरीवर पोचलो तर समोर तीच स्कूटर, साइड स्टँडला, इंजिन चालू. स्वारी आत अर्धा लिटर दूध घेतेय. आली कुठून, तर आमच्या शेजारच्या सोसायटीतून!

बास झाला उपरोध. पालिकेला शिव्या घाला, जरूर घाला, पट्टी भरतो आपण. पण फुटपाथवर गाडी पालिका चढवत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्टार्टर मारणारे आपणच, चार बिल्डिंगपलीकडच्या क्लासला पोराला गाडीवरून सोडणारे आपणच, आणि लिटरमागं रुपया वाढला की बोंब मारणारेही आपणच. पाय आहेत ना धड? मग लाज कसली वाटते चालायची? आणि नसेल चालायचं तर नका चालू, पण जो चालतोय त्याच्या अंगावर तरी येऊ नका. गाडी खाली घ्या. आणि दुकानासमोर उभे असाल तर आधी ते इंजिन बंद करा.