पाणी यायलंय, पोमोडोरो थांबवा

मी लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरून देते. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेल्या बिलांच्या पिशव्या, एवढं माझं ऑफिस. आतल्या बाजूला स्वयंपाकघर, सासूबाई, दोन मुलं आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्टला जाणारे-येणारे हे. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एक पडदा आहे. वेळेच्या नियोजनावर जगात एवढं सांगून झालंय, पण या पडद्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

माझी बहुतेक गिऱ्हाइकं टॉवेल आणि चादरीच्या धंद्यातली. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. या तारखा मला पाठ, मालकांना पाठ, त्यांच्या मुनिमांना पाठ. बिलं येतात २० तारखेला संध्याकाळी. "मॅडम, दोनच राहिलीत बघा," असं म्हणत मालक पिशवी ठेवतात तेव्हा टेबल किंचित हलतं. त्यातली निम्मी त्या गुळगुळीत थर्मल कागदाची, गाडीच्या डिकीत ऊन खाऊन कोरी झालेली. मग तिथे काय लिहिलं होतं ते मालक डोळे मिटून आठवतात आणि मी टाइप करते.

अशाच एका २० तारखेला भाचा पुण्याहून आला होता. हिंजवडीत असतो. पडद्याशी उभा राहून त्यानं माझी तारांबळ पाहिली आणि निदान केलं, "मामी, तुमचा प्रॉब्लेम काम नाही. तुमची सिस्टिमच नाही." ज्याला रोज ऑफिसात किती वाजता पोचू हे वाकडपर्यंत गेल्याशिवाय सांगता येत नाही, तो माणूस माझं वेळापत्रक दुरुस्त करायला बसला.

सुरुवात पोमोडोरोनं झाली. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याला १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यास होईना, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. त्याच्या भाषेत टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून हे नाव. ऐकायला सोपं आहे. पण त्यात एक कडक नियम आहे: पोमोडोरोचे तुकडे करायचे नाहीत. मध्येच उठलात तर तो बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी टायमर लावलं. पहिला पोमोडोरो गॅसवाल्यानं बाद केला. दुसरा धाकट्यानं, त्याला चार्टपेपर उद्या नाही, आत्ता हवा होता. तिसरा मात्र पूर्ण झाला. पंचविसाव्या मिनिटाला घंटी वाजली आणि तिकडे सासूबाईंनी गॅस बंद केला. त्यांच्या लेखी घरात वाजणारी प्रत्येक गोष्ट कुकरशी संबंधित असते. त्या दिवशी आम्ही कच्ची तूरडाळ जेवलो आणि ह्यांनी "डाळीला आज वेगळीच चव आलीय" असं म्हणून संसार सांभाळला.

चौथा पोमोडोरो पाण्यानं नेला. इथं बाहेरगावच्या वाचकासाठी जरा सांगायला हवं. आमचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबच्या उजनी धरणातून येतं, आणि नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. दिवस साधारण कळतो, वेळ कळत नाही. कधी पहाटे, कधी ऐन दुपारी, कधी रात्री मालिका रंगात आलेली असताना. व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की पहिली हाक कोणाच्या तरी गच्चीवरून येते, "पाणी यायलंय!" आणि मग एकेका घरातून मोटारी सुरू झाल्याचा आवाज. त्या तास-दोन तासांत जीएसटी, पोमोडोरो, परीक्षेचा अभ्यास, नवरा-बायकोचं भांडण, सगळं जागच्या जागी थांबतं. भांडण नंतर पुढे सुरू करता येतं. पोमोडोरो मात्र बाद.

आमच्याकडे डोकं धुण्यापासून पाहुणे बोलावण्यापर्यंत सगळं या दिवसावर ठरतं. नणंद माहेरी यायचं म्हणाली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "तुमच्याकडं पाणी कधी हाय?" हाच असतो, आणि तीच विचारते, कारण तीही सोलापुरातच वाढली.

"ही प्रायॉरिटीची अडचण आहे," असं भाच्यानं पुण्याहून कळवलं आणि आयसेनहॉवर चौकट पाठवली. आयसेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष. १९५४ साली एका भाषणात त्यांनी एका कॉलेजच्या माजी प्रमुखाचा दाखला देऊन सांगितलं की कामं दोन जातीची, तातडीची आणि महत्त्वाची. तातडीची महत्त्वाची नसतात आणि महत्त्वाची कधी तातडीची नसतात. पुढं लोकांनी त्याचे चार चौकोन आखले. मी २० तारखेला कागद घेऊन बसले. पहिला चौकोन, तातडीचं आणि महत्त्वाचं, भरून समासात गेला. उरलेले तीन कोरे राहिले ते धाकट्यानं फुली-गोळ्याला वापरले. तातडी म्हणजे काय याचा आमच्या धंद्यात घोळच नाही: थ्री-बी चुकला की दिवसाला ५० रुपये, काहीच उलाढाल नसेल तर २०. आयसेनहॉवर साहेबांनी दुसऱ्या महायुद्धात सेनापती असताना, जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीची चढाई हवा वाईट म्हणून ५ तारखेची ६ वर ढकलली. त्यांना कोणी लेट फी लावली नाही.

खरी चौकट मला नळाशी दिसली. पाणी आलं की सासूबाई पहिलं गढूळ पाणी कुंड्यांना घालतात. मग पिण्याचे हंडे, मग टिपाड, मग हौद, मग वरची टाकी, मग धुणं, आणि प्रेशर उतरायला लागलं की ह्यांची स्कूटर. हा क्रम त्यांनी कुठे लिहिलेला नाही आणि त्यात कोणाचा वशिला चालत नाही. हे एकदा स्कूटर आधी धुवायला निघाले होते. पुन्हा कधी निघाले नाहीत.

यानंतर डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागाराची पद्धत आली, आणि तिनं घरात सर्वांत जास्त जागा खाल्ली. डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं बाहेर काढून लिहायचं आणि योग्य कप्प्यात टाकायचं. त्यासाठी ४३ फोल्डर लागतात: ३१ महिन्याच्या तारखांचे, १२ वर्षाच्या महिन्यांचे. रोज सकाळी आजच्या तारखेचं फोल्डर उघडायचं, आत आजची कामं. मी नव्या पेठेत जाऊन फोल्डर मागितले. दुकानदारानं आकडा ऐकून आदबीनं विचारलं, "कुठली शाळा, मॅडम?"

फोल्डर भिंतीला लागले आणि घरात सगळ्यांनाच आवडले. सासूबाईंनी २३ मध्ये रेशनकार्ड ठेवलं, कारण ते वरच्या रांगेत होतं आणि मुलांचा हात पुरत नव्हता. मे महिन्यात कुरडयांच्या गव्हाचा हिशेब गेला. ह्यांनी ३१ नंबरात लाइट बिलं घातली. बऱ्याच महिन्यांना ३१ तारीखच नसते हे ध्यानात येईपर्यंत वीज कापायला माणूस आला होता.

ॲलन यांचा दुसरा नियम दोन मिनिटांचा. जे काम दोन मिनिटांत होईल ते यादीत न टाकता लगेच करून टाकायचं. हा नियम मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यानंतर आमच्या घरातलं प्रत्येक काम दोन मिनिटांचं झालं. "दोन मिनिटं ये गं, डबा काढून दे." "दोन मिनिटं गणित बघ." "मॅडम, दोन मिनिटांत एवढं एक ई-वे बिल." जिथं रिटर्नचा एक आकडा शोधायला अर्धा तास लागतो, तिथं या नियमानं माझी सकाळ संपायला लागली. शिवाय दर आठवड्याला दोनेक तास बसून सरलेल्या आठवड्याचा आढावा घ्यायचा असतो. सासूबाई तो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून घेतात. फक्त शेजारच्या घरांच्या आठवड्याचा.

मधल्या काळात ठिपक्यांच्या वहीची पद्धतही झाली. न झालेल्या कामापुढं बाण काढून ते पुढच्या पानावर न्यायचं. बाण छान जमायला लागले. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली कानबानही झाली: भिंतीवर तीन रकाने, करायचं, चालू, झालं, आणि रंगीत चिठ्ठ्या. मे महिना होता, पारा त्रेचाळिसाच्या आसपास, पंखा पाचवर. चिठ्ठ्यांचा गोंद सुटला आणि एका दुपारच्या झोपेत माझी सगळी कामं 'करायचं'मधून उडून 'झालं'च्या खाली जाऊन पडली. एवढं काम मी आजवर एका दुपारात उरकलेलं नाही.

या सगळ्या पद्धती काढणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, की वेळ आपली असते आणि ती कशी वाटायची एवढंच ठरवायचं असतं. सोलापूरनं हे कधी मानलं नाही. सासरे गिरणीत होते. गिरण्या बंद पडून जमाना झाला, भोंगा गेला, तरी सासूबाई आजही "पहिल्या पाळीला दूध आलं" असंच म्हणतात आणि घरातल्या सगळ्यांना ती वेळ नेमकी कळते. भोंगा वाजला की सगळी पेठ उठायची, गिरणीत असो नसो. तेव्हा कोणाला उठण्यासाठी प्रेरणा लागायची नाही.

शेजारच्या अक्का विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, आदल्या रात्री भिजवून ठेवलेली पानं, पत्र्याच्या साच्यानं कापलेली. त्या वळत असताना माझ्याशी बोलतात, नातवाला रागावतात, घरातल्या फोडणीचा वास ओळखून सुनेला हाक मारतात, आणि बोटं थांबत नाहीत. पोमोडोरोवाल्यांना ही बाई दाखवायला हवी. मी त्यांना माझी रंगीत वही दाखवली. त्यांनी पानं उलटून बघितली, बाणांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "हजार झालं की उठायचं. नाही झालं की बसायचं. ह्यात एवढं लिहायलीस काय?" कारखान्यात माल घेताना त्यातल्या विड्या बाद करतात, दिवसभराचं काम चिमटीत धरून बाजूला टाकतात, हेही त्यांनीच सांगितलं. ते सांगताना मात्र बोटं थांबली होती.

आता नव्या पद्धती जानेवारीतच का सुरू कराव्यात, हे मला उमगलेलं नाही. पुण्या-मुंबईत ठीक असेल. सोलापुरात एक तारखेला नवी डायरी उघडावी, अकराला जीएसटीआर-१ भरावा, आणि मान वर करून बघावं तर गड्ड्याची यात्रा दारात. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, 'हर्र बोला हर्र'. एका दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. एवढा कार्यक्रम, एवढी माणसं, आणि कोणाच्या हातात प्लॅनर नाही. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाचा मान कधी, हे ठरलेलं. संक्रांतीचे तीळ भाजायचे, पाहुणे उतरवायचे, मुलांना होम मैदानावर पाळण्यात बसवायचं, त्यांना तिथं भूक लागली की पुन्हा घरी यायचं. डायरीची पानं त्या आठवड्यात कोरी राहतात. मग लगेच २० तारीख.

यंदा भाचा गड्ड्याला आला तो नवीन ॲप घेऊनच. यात एआय आहे म्हणे. आपण नुसतं आपल्या दिवसाचं वर्णन करायचं, ते आपोआप वेळा आखून देतं. मी इमानदारीनं सगळं लिहिलं: रिटर्न, शाळा, डबे, पिशव्या, ह्यांची शिफ्ट, पाणी. त्यानं क्षणात सुरेख रंगीत वेळापत्रक दिलं. 'पाणी भरणे: रोज सकाळी ७.०० ते ७.१५.' भाचा म्हणाला, "त्याला दुरुस्त करून सांगा, शिकतं ते." मी सांगितलं की रोज नाही, चार-पाच दिवसांनी, आणि वेळ नक्की नाही. त्यानं माफी मागितली आणि विचारलं, नक्की वेळ संबंधितांशी बोलून ठरवता येईल का? भाच्यानं ते वाचलं आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

जाताना मात्र त्यानं त्यातली तब्येतीची सोय चालू करून ठेवली. आता फोन दर तासाला टिणटिण करून सांगतो, 'पाणी पिण्याची वेळ झाली!' त्या दिवशी पाण्याला चार दिवस झाले होते, हंड्यानं तळ गाठला होता, आणि फोन चौथ्यांदा वाजला. सासूबाईंनी शेंगा निवडता निवडता विचारलं, काय म्हणायलंय ते? मी सांगितलं.

"त्याला म्हणावं, उद्या यायचंय," त्या म्हणाल्या. "तवर घोट घोट पी."