कॉपी पकडणाऱ्यांनी कॉपी कशी करावी

सर, मॅडम, वर्गात तंत्रज्ञान आणायचंच असं वरून ठरलंय, तेव्हा सुटका नाही. पण घाबरण्याचं कारण नाही. आजवर तुम्ही पुस्तकातला उतारा फळ्यावर लिहीत होता, मुलं तो वहीत उतरवत होती. आता उतारा पडद्यावर येईल आणि मुलं तो वहीतच उतरवतील. फक्त अंधारात. झालं डिजिटल शिक्षण.

पहिली गरज पीपीटीची. ती स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. स्वतः बनवायची म्हणजे मुलांचं कुठे अडतं याचा विचार करावा लागतो, आणि एकदा का त्या विचाराची सवय लागली की माणूस पुढे कामाचा राहत नाही. धड्याचं नाव टाकून शोधा, जी पहिली येईल ती उतरवून घ्या. पहिल्या स्लाइडवरचं नाव खोडून आपलं टाका, ठळक अक्षरात. मग वर्गात पडद्याकडे तोंड करून ती मोठ्याने वाचा. मुलांना वाचता येतं हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

चित्रांवर वॉटरमार्क असतो, त्याने बिचकू नका. एका वर्गात पानाच्या छेदाचं चित्र त्याच्यासकट दाखवलं गेलं, तर निम्म्या मुलांनी वहीत ती तिरपी अक्षरं पानाच्या शिरा म्हणून काढली. निरीक्षणशक्ती वाढली, अजून काय हवं! आणि फारच टोचणी लागली, तर कोपऱ्यात ‘सौजन्य: गुगल’ लिहा. पुस्तक कोणाचं असं विचारल्यावर ‘कपाटाचं’ म्हणण्यासारखं आहे हे, पण दिसायला भारदस्त दिसतं.

पुस्तकं विकत घ्यायला लावू नका, पालक नाराज होतात. मोबाइलने सबंध पुस्तक स्कॅन करा. दर पानाच्या कडेला तुमचा अंगठा येईल, तो येऊ द्या. एरवी त्या पीडीएफमध्ये तुमचं स्वतःचं असं काही असणार नाही. मग ती ‘फक्त आपल्या वर्गासाठी’ म्हणून ग्रुपवर टाका. हे तीन शब्द लिहिले की फाइल वर्गाबाहेर जात नाही, अशी फॉरवर्ड करणाऱ्यांची श्रद्धा आहे.

या सगळ्यात खरा धोका एकच: ग्रंथपाल मॅडम. त्या कॉपीराइटचा कायदा वाचलेल्या असतात. त्या सांगतील की कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 चा आहे, आणि आज त्यानुसार लेख, चित्र अशी कृती निर्माण झाली की तिला संरक्षण मिळतं. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला सी छापलेला नसला तरी बिघडत नाही. म्हणजे ‘नेटवर उघड्यावरच पडलं होतं’ हे आपलं आवडतं वाक्य गेलं. अशा वेळी ‘अहो, आपण शिकवण्यासाठी वापरतो!’ असं ठणकावून सांगा. मॅडम म्हणतील, बरोबर आहे, कराराच्या 10 व्या कलमात शिकवताना उदाहरणादाखल वापर करायला वाव ठेवलेला आहे... बस्स! इथे उठा आणि तासाला जा. कारण त्यांच्या पुढच्या वाक्यात ‘पण’ आहे. त्या ‘पण’नंतर येतं की वापर गरजेपुरता हवा, रास्त हवा, मूळ ठिकाण आणि लेखकाचं नाव सांगायला हवं, आणि प्रत्येक देशाचा कायदा ही मोकळीक आपापल्या मापाने कापतो. एवढं ऐकायला वेळ कोणाकडे आहे?

मॅडम चिकाटीच्या निघाल्या तर 1710 चा इंग्लंडमधला कायदाही काढतील. लेखकाला हक्क देणारा तो कायदा नावातच ‘विद्येच्या उत्तेजनार्थ’ होता म्हणे. विद्येचं काम करणारे आपण, उत्तेजन मात्र लेखकाला!

त्यांचं शेवटचं अस्त्र म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. हे परवाने 2002 पासून आहेत. निर्माताच आधी सांगून ठेवतो: घ्या, वापरा, माझं नाव तेवढं द्या. काही जण धंद्यासाठी वापरू नका म्हणतात, काही जण बदल करून वाटू नका म्हणतात. चित्र फुकट, परवानगी आयती, कष्ट एक ओळ लिहिण्याचे. या नादी मुळीच लागू नका. ‘सीसी’ दिसलं की गाडीच्या इंजिनाबद्दल काहीतरी असेल असं समजून पुढे सरका.

राहता राहिली मुलं. त्यांनी प्रकल्प नेटवरून उचलला तर गय करू नका. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असा लाल शेरा मारा, पालकांना बोलवा. चोरीचा उतारा ओळखणं तुम्हाला जड जाणार नाही. तो तुमच्या सातव्या स्लाइडवर शब्दशः आहे.

एक काळजी मात्र जरूर घ्या: नाव खोडताना शेवटची स्लाइडही बघा. माझ्या ओळखीच्या एका सरांनी पहिलीवरचं नाव बदललं, शेवटच्या ‘धन्यवाद’खालचा ईमेल पत्ता मात्र तसाच राहिला. मुलांनी शंका त्या पत्त्यावर पाठवल्या. ज्यांनी पीपीटी बनवली होती, त्या बाईंनी एकेकाला सविस्तर उत्तर दिलं, वर नव्या आकृत्या काढून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने सरांना विचारलं, ‘सर, तुम्ही ईमेलवर शिकवता तसं वर्गात का नाही शिकवत?’