गळाला लागलेला माणूस

स्टारड्यू व्हॅली पहिल्याच दिवशी आवडला असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला हा व्हिडिओ गेम 2016 साली आला. नायक ऑफिसची नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो आणि तिथे त्याला काय मिळतं, तर जुनाट अवजारं, 500 नाणी, 15 पार्सनिपचं (गाजरासारख्या कंदाचं) बियाणं आणि दगडधोंड्यांनी भरलेलं रान. अंगात ताकद 270. त्या पंधरा रोपांना पाणी घातलं की 30 गेली. एक झाड बुंध्यासकट काढलं की आणखी 30. दुपारपर्यंत गडी गळपटतो. आम्हीही ऑफिसातूनच आलेलो असतो हो!

पण खरी खुन्नस मासेमारीशी. दुसऱ्या दिवशी गावातल्या विली कोळ्याचं पत्र येतं, समुद्रावर जाऊन बांबूची गळकाठी घ्यायची, आणि तिथून अपमान सुरू. उद्गारचिन्ह दिसताच बटण दाबायचं, मग उभ्या खोबणीतली हिरवी पट्टी माशावर धरून ठेवायची. नवशिका बटण दाबूनच धरतो. पट्टी वर जाऊन आदळते. घाबरून सोडतो, तर ती दगडासारखी तळाला पडून चेंडूसारखी उसळते, तोवर मासा पसार. बटण दाबायचं नसतंच मुळी. तापलेल्या तव्याला बोट लावून बघतो तसं टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं. मासा तळाशी गेला तर पट्टी खाली येऊ द्यायची, पण टेकण्याआधी दोनदा टिचकी मारायची, म्हणजे उसळत नाही. मधेच खजिन्याची पेटी दिसते. तिच्यामागे लगेच धावणाऱ्याला पेटीही मिळत नाही आणि मासाही.

एवढं करूनही जमत नसेल तर स्वाभिमान गिळून विलीकडून 25 नाण्यांची शिकाऊ गळकाठी घ्यावी. मासे साधेच लागतात, पण पट्टी मोठी मिळते. डोंगरातल्या तळ्यावर जावं. तिथला कार्प म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, जागचा फारसा हलत नाही. नदीतल्या कॅटफिशच्या वाट्याला मात्र इतक्यात जाऊ नये, त्याच्या अंगात येतं. कौशल्य वाढेल तशी पट्टी लांबते. दुसऱ्या पातळीला 1800 नाण्यांची फायबरग्लासची काठी मिळते, तिला आमिष लावता येतं, आणि मासा लवकर लागतो.

गोम अशी की कॅटफिश वसंतात फक्त पावसातच सापडतो. पाऊस पडला की शेताला पाणी घालावं लागत नाही, म्हणजे सगळा दिवस नदीकाठी मोकळा. मग माणूस गेममधल्या टीव्हीवर रोज उद्याचं हवामान बघू लागतो. घरच्या कुंडीतली तुळस तेव्हा माना टाकत असते.

गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. रात्री 2 पर्यंत घरी पोचला नाहीत तर नायक जागीच कोसळतो आणि खिशातली थोडी नाणी जातात. म्हणून 'हा दिवस संपला की बंद करतो' असं घरच्यांना सांगावं लागतं. पण दिवस संपतो तेव्हा पडद्यावर सकाळचे 6 वाजलेले असतात आणि बाहेर पाऊस लागलेला असतो.