चार जण आणि चार बाइट

लिनक्सवर गुमान चालणारं एखादं मुक्तस्रोत व्हीपीएन सॉफ्टवेअर (इंटरनेटमधून खासगी बोगदा काढणारं) ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचं मनात आलंय? अभिनंदन. आता चुकूनही मूळ कोड वाचायला बसू नका. कोड वाचणारा माणूस दोन दिवसांत प्रश्न विचारायला लागतो आणि चौघांच्या मैत्रीत मिठाचा खडा पडतो. त्यापेक्षा फोंड्यातल्या एखाद्या हॉटेलात जमा, पातळ भाजी-पाव मागवा आणि आधी लोगो ठरवा. किल्ला की कुलूप यावर आम्ही तीन रविवार घालवले. (किल्ला जिंकला.)

ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, ६.८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, वायरगार्ड हे तयार व्हीपीएन आहेच, असं कोणी मध्येच बोलला तर त्याला ग्रुपमधून काढा. असली माणसं उत्साहावर पाणी ओततात.

मग रीडमी, म्हणजे कोडासोबतची माहितीची फाइल. ती मराठीत की कोकणीत, आणि कोकणीत तर देवनागरी की रोमी? १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतरही गोव्यात जो वाद धगधगता राहिला, तो तुमच्या ग्रुपवर एका संध्याकाळी मिटेल, काळजी नसावी. आम्ही शेवटी इंग्रजीत लिहिली.

कामाची वाटणी माटोळीसारखी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळांच्या आराशीसारखी, करा. चवथीला कोणी नारळांचा घड आणतो, कोणी सुपारीचा घोस, कोणी रानातल्या कांगण्या. वर टांगायला लाकडी चौकट आहे की नाही, हे विचारणं अशुभ. आमच्यात एकाने आयकॉन घेतला, एकाने इन्स्टॉलर, एकाने अनुवाद. मी 'समन्वय' घेतला. प्रत्यक्ष बोगदा कोण खणणार, हे दुसऱ्याला ठाऊक असेल असं चौघांनीही गृहीत धरलं.

"पात्रांव, सी म्हणजे सी. कंपाइल केलं की झालं." हे वाक्य पाठ करून ठेवा. डेटा आला की प्रोग्रॅमला जागं करणारा लिनक्सचा इपोल ओपनबीएसडीवर नाही, तिथे त्या कामाला केक्यू आहे. पण ते बदलत बसण्यापेक्षा एरर देणारी ओळ कॉमेंट करून पुढची एरर बघावी. इपोलच्या जागी आम्ही दर सेकंदाला जागा होणारा एक लूप टाकला. कंपाइल झालं त्या दिवशी पेढे वाटले.

पिंग, म्हणजे पलीकडे पोचतंय का ते बघायचं चाचणीचं पॅकेट, मात्र जाईना. हँडशेक होत होता, चाव्या जुळत होत्या, आणि बोगद्यातून एक पॅकेट पलीकडे उतरत नव्हतं. अशा वेळी आधी पावसाला दोष द्या, मग विजेला, मग इंटरनेटवाल्याला. फायरवॉल बंद करा. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १४२० बाइटांवरून १२८० वर आणा. का, ते विचारू नका. या पद्धतीने आमचा अख्खा श्रावण सहज निघाला.

घोळ घातला माझ्या भाचीने. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भजी खायला आली होती. तिने टन या आभासी नेटवर्क उपकरणातून वाचल्या-वाचल्या आलेले बाइट छापणारी एक ओळ कोडात टाकली. पडद्यावर आलं: ०० ०० ०० ०२ ४५ ००.

"मामा, हे पुढचे चार बाइट कोणाचे?"

आयपीव्ही४ चं पॅकेट साधारणपणे ४५ ने सुरू होतं. लिनक्सवर योग्य फ्लॅग दिला की टन तेवढंच हातात देतं. ओपनबीएसडीचं टन मात्र प्रत्येक पॅकेटपुढे चार बाइट लावतं, आत आयपीव्ही४ चं पॅकेट आहे की आयपीव्ही६ चं, ते आकड्यात सांगायला. आमचा कोड पहिल्याच बाइटमधून आवृत्ती वाचायचा, शून्य यायचं, आणि आयपीची शून्यावी आवृत्ती नसल्याने तो इमानेइतबारे पॅकेट फेकून द्यायचा. मॅन्युअलच्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे. मॅन्युअल हे सहकार्याचं मरण, म्हणून तर आम्ही ते उघडलं नव्हतं.

तिने वाचताना चार बाइट सोडले, लिहिताना लावले. पिंग आलं. मूळ प्रकल्पाला पॅच पाठवू या, असंही म्हणाली. तिला ताबडतोब अनुवादाच्या कामाला लावलं.

आयपीव्ही६ अजून जात नाही. एकाने ओपनबीएसडीवरही चार बाइटांत आयपीव्ही६ चा आकडा म्हणून सरळ १० लिहून टाकलाय, लिनक्सवर तो असतो म्हणून. इथे तो २४ असतो. पण ते किरकोळ. रविवारी बैठक आहे, विषय एकच: लोगोतला किल्ला आग्वादचा की तेरेखोलचा.