समन्याय नाशिक-नगरपुरताच का?

पाथरीच्या कट्ट्यावर परवा संध्याकाळी पाण्याचा विषय निघाला आणि दिवेलागण होऊन बराच वेळ झाला तरी कोणी उठले नाही. सुरुवात मास्तरांनी केली. त्यांचे म्हणणे असे, की राज्याच्या उत्पन्नात शेती आणि संलग्न क्षेत्राचा वाटा सुमारे 12 टक्क्यांवर आला असताना धरणांतल्या पाण्याचा सर्वांत मोठा हिस्सा शेतीकडे जाणे फार काळ टिकणारे नाही. तेवढ्याच पाण्यावर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना कितीतरी पट उत्पन्न काढतो, आणि आपली मुलेही शेवटी तिकडेच जातात.

वाळूजला नऊ वर्षे फिटर म्हणून काम केलेला आमचा मित्र म्हणाला, "मास्तर, उत्पन्नातला वाटा घटला, पण माणसे कुठे घटली? 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेतकरी किंवा शेतमजूरच होते. टाळेबंदीत कंत्राटदाराने हिशेब करून घरी पाठवले, तेव्हा त्या वर्षी घर सोयाबीन आणि तुरीवरच चालले." मला त्याचे म्हणणे पटले. 2003 च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला पुढे ठेवले होते. 2011 मध्ये तो क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान मिळाले, ते योग्यच झाले.

पण कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले काका एवढ्यावर थांबायला तयार नव्हते. शेतीच्या नावाने सोडलेले पाणी कोणाच्या शेतात पोहोचते, ते आधी सांगा, असा त्यांचा आग्रह होता. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे, आणि प्रकल्पाची आखणी मुख्यतः खरीप-रब्बीच्या आठमाही सिंचनासाठी झाली होती. काकांनी एका रब्बी आवर्तनाची आठवण सांगितली. वरच्या भागात कालव्याच्या काठाने मोटारींचे पाइप पाण्यात सोडलेले होते आणि पलीकडे ऊस डोक्याच्या वर गेला होता. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीत मात्र पाणी घोट्याएवढे आले, रात्रीतून ओसरले, आणि सकाळी एक म्हातारी निसवू लागलेल्या ज्वारीच्या कडेला पडलेल्या भेगेत हात घालून ओल किती खोल आहे, ते चाचपत बसली होती. त्या ज्वारीला पाण्याची आणखी एकच पाळी हवी होती. ऊस बारा महिने आणि आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने पाणी मागतो.

मला वाटते, आपल्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर आपण मराठवाड्याचे लोक नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी मागतो, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असला की वरून पाणी सोडा म्हणतो, आणि ती मागणी रास्तच आहे. मग वरच्याने खालच्याचे पाणी अडवू नये, हे तत्त्व पैठणला येऊन का थांबते? हेडच्या उसाने टेलच्या ज्वारीचे पाणी घेतले, तर तो अन्याय धरणापलीकडच्या अन्यायापेक्षा लहान ठरत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ते दुष्काळाचे संकट होते हे खरे, पण आधीच्या वर्षांत लातूरकडच्या मांजरा नदीच्या पट्ट्यात ऊस किती वाढत गेला, हेही आपण सगळे पाहत होतो.

पाटलांचा दहा एकर ऊस आहे. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "टेलला आधी दोन पाळ्या द्या, राहील त्यावर ऊस, मला मान्य आहे. पण उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा ठरलेला किमान भाव, आहे, तोड होऊन माल थेट कारखान्यात जातो. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, मी बाजार समितीत त्याहून कितीतरी खाली विकले. पाण्याचा समन्याय मागता, तसा भावाचाही मागा. तूर-सोयाबीन हमीभावाने घेण्याची खात्री कोणी देत असेल, तर निम्मा ऊस मी याच वर्षी मोडतो."

मास्तरांनी काकांकडे पाहिले, काकांनी माझ्याकडे. तशी खात्री देऊ शकेल असे त्या कट्ट्यावर कोणी नव्हते.